चार तास तुमचे: घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी नाशकात सेवा सुरू करतेय, सल्ले हवेत

गोदामाय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नाशकातल्या खाजगी हॉस्पिटलांत स्टाफ नर्स होते. आता नोकरी सोडलीय आणि एका मैत्रिणीबरोबर (ती फिजिओथेरपिस्ट) स्वतःचं काही उभं करायचं चाललंय.

डिस्चार्जच्या वेळी आम्ही नातेवाइकांना बसवून सगळं समजावून सांगायचो. दर दोन तासांनी कूस बदला, नळीतून भरवताना डोकं वर ठेवा, लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या. ऐकून मान डोलावणारी बहुतेक वेळा एकच बाई असायची. सून, नाहीतर लेक, नाहीतर बायको. काही महिन्यांनी तीच बाई स्वतःची कंबर धरून ओपीडीत बसलेली दिसायची. तिला बदली कोण, हे डिस्चार्ज कार्डावर कुठंच नसतं.

तर कल्पना अशी की आठवड्यातले ठरलेले दिवस, ठरलेले चार तास, आमची शिकवलेली बाई घरी येईल. तेवढ्या वेळात घरच्या माणसानं झोपावं, बँकेत जावं, पार्लरला जावं, नुसतं गोदाघाटावर बसावं. आम्ही विचारणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे इंदिरानगरात एक रो-हाउस भाड्यानं मिळतंय, तिथं दिवसभराचं केंद्र. सकाळी आणून सोडा, संध्याकाळी न्या. दोन्ही एकदम झेपणार नाही.

घरपोच की केंद्र? दर काय ठेवावा? परवाने कुठले? मोकळेपणानं लिहा, फोडून काढलंत तरी चालेल.

कट्ट्यावरचा_नाना

फोडायचं म्हणताय म्हणून लिहितो. ताई, हा मावश्या पुरवणारा ब्युरोच झाला की. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी, बाप्यांसाठी मामा, हे सगळं आजही एका फोनवर मिळतं. बारा तासांचे आठशे-हजार देणारा माणूस तुमच्या चार तासांना सरळ भागाकार करून तीनशे देईल. वर विचारेल, "चहा तुमच्याकडचा का आमच्याकडचा?"

गोदामाय

नाना, चहा त्यांच्याकडचाच :)

ब्युरोला नावं ठेवत नाही, त्यांच्यावरच शहर चाललंय. पण ब्युरो माणूस पाठवतो आणि कमिशन घेतो, पुढचं तुम्ही आणि मावशी बघून घ्या. मावशी आली नाही तर "बघतो, दुसरी पाठवतो". दुसरी येते ती पहिलीला काय माहीत होतं त्यातलं काहीच माहीत नसलेली. मग घरची बाई तिला शिकवत उभी. म्हणजे सुटका कुणाची झाली? शिवाय ज्या घराला पूर्ण दिवसाचा माणूस परवडत नाही, किंवा नकोच आहे, त्यांच्यासाठी तिथं काही नाही.

सांजवेळ

वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. सासूबाईंना डिमेन्शिया आहे. मी घरीच असते, म्हणजे आता असते, आधी क्लासेस घ्यायचे.

गोदामायताई, तुमची बाई कितीही शिकलेली असू दे, आमच्या घरात तिला ज्या गोष्टी माहीत लागतील त्या कुठल्याच कोर्सात नाहीत. उदाहरणं देते.

सासूबाई मला अक्का म्हणतात. त्यांची थोरली बहीण, ती जाऊन किती वर्षं झाली. मी "मी अक्का नाही हो" म्हणत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर त्यांना माहेरी सिन्नरला जायचं असतं, पिशवी भरतात, त्यात टॉवेल, चमचे, एकदा टीव्हीचा रिमोट. त्यांना "हेच तुमचं घर" असं सांगितलं की भडकतात. "बस अजून लागली नाही, तोवर एवढे वाटाणे सोलून देता का" म्हटलं की तासभर शांत. वाटाण्याचा हंगाम नसेल तर शेंगदाणे निवडायला देते, निवडून झाले की परत त्याच डब्यात. कवळी तांदळाच्या डब्यात सापडते. आंघोळीला बादली नळाखाली लावली की आवाजाला घाबरतात, म्हणून पाणी आधी भरून ठेवायचं.

ब्युरोच्या एका मावशीनं पहिल्याच दिवशी त्यांना "आजी, तुमची अक्का कधीच मेली" असं सांगितलं. खोटं बोलू नये म्हणून असेल बिचारीनं. त्यांना ती बातमी त्या क्षणी नव्यानं कळली. रात्री दीडपर्यंत रडत होत्या. मी नंतर कुणालाच बोलावलं नाही.

त्यामुळे मला काय हवंय, तर दर वेळी तोच चेहरा. आणि पहिले काही वेळा मी घरातच असेन, दुसऱ्या खोलीत. याचे पैसे लावणार का, ते सांगा. लावलेत तर मी देईन, पण ते मला माझ्याकडून द्यावे लागतील आणि माझ्याकडे पगार येत नाही. घरात "आपण असताना बाहेरची कशाला" हे वाक्य म्हणणारी माणसं सकाळी नऊला डबा घेऊन ऑफिसला गेलेली असतात. जाऊ दे.

कट्ट्यावरचा_नाना

सांजवेळताई, नि:शब्द. माझा भागाकार मागे घेतो.

जुनं_ते_सोनं

एकत्र कुटुंबात या गोष्टी आपोआप होत असत. आता आईबापांची सेवासुद्धा आउटसोर्स करायची वेळ आली. पैसा फेकून कर्तव्य होत नाही.

विशेष_आई

"आपोआप" होत नसत काका. कुणीतरी विधवा आत्या किंवा मधली सून ते करत असे आणि तिला विचारायची पद्धत नव्हती. तुमच्या घरी ते कुणी केलं, तिचं नाव आठवतंय का बघा.

गोदामाय, फक्त म्हाताऱ्यांचा विचार करू नका. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, ऑटिझम आणि सोबत बौद्धिक अपंगत्व. शाळा अठराला संपली आणि तेव्हापासून तो आणि मी, दिवसरात्र. वजन ऐंशी किलो. त्याला बाथरूमला नेणं साठीतल्या मावशीचं काम नाही, तिथं मामाच पाहिजे. तोही असा, की मुलगा कानावर हात घेऊन ओरडायला लागला तर त्याला धरणार नाही, फक्त खोलीतला पंखा आणि टीव्ही बंद करून दारात बसेल. एवढंच लागतं, पण ते कळणारा माणूस मिळत नाही. लग्नसमारंभाला मी आणि नवरा एकत्र गेल्याला जमाना झाला, एक जण घरी असतोच.

१९९९ च्या कायद्यानं नॅशनल ट्रस्ट झाला, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. त्यांची 'समर्थ' योजना घरच्यांना विसावा मिळावा म्हणून तात्पुरत्या निवासाची, 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा, 'सहयोगी' मध्ये काळजीवाहकांचं प्रशिक्षण. मात्र त्या योजना नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात, खाजगी दुकानाला नाहीत. तुम्ही पुढंमागं संस्था काढलीत तर लक्षात असू द्या. निरामयचं कार्ड मात्र असं मूल असलेल्या प्रत्येक घरानं काढावं, धाग्यावर कुणी असेल तर.

गुंठा_आणि_गणित

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो, माझा धंदा वेगळा (हाउसकीपिंग कंत्राट) पण माणसं पाठवायचं दुखणं तेच.

मावशीला तासावर पैसे दिलेत तर ती टिकणार नाही, कारण चार तासांसाठी तिचा दिवस मोडतो. महिन्याचा पगार द्यावा लागेल. समजा १६,००० पगार आणि २,००० जाण्यायेण्याचे, म्हणजे माणशी १८,०००. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला सकाळ-दुपार दोन पाळ्या, म्हणजे ५२ पाळ्या विकायला आहेत. दर ७०० धरा.

५२ पैकी ३५ विकल्या गेल्या तर २४,५०० येतात, एका मावशीमागे ६,५०० उरतात. आठ मावश्यांचे ५२,०००. त्यातून दोन बदलीच्या बायका पगारावर ठेवायच्या, कारण खाडे होणारच, त्यांचे ३२,००० गेले. उरले वीस हजार. त्यात फोन, प्रशिक्षण, विमा आणि तुम्ही दोघी. म्हणजे तुम्ही फुकट.

तेच ४२ विकल्या गेल्या तर २९,४०० येतात, माणशी ११,४०० उरतात. आठांचे ९१,२००, बदलीचा पगार जाऊन ५९,२००. धंदा झाला.

दोन्हींतला फरक दर नाही, रिकाम्या पाळ्या आहेत. म्हणून "लागेल तेव्हा बोलवा" हे विकू नका. "तुमचा मंगळवार-शुक्रवार, दहा ते दोन, महिन्याचे पैसे आगाऊ" हे विका. गिऱ्हाइकानं ऐनवेळी रद्द केलं तर पाळी गेली, पैसे नाही परत. अचानक बोलवायचं असेल, लग्नकार्य, हॉस्पिटल, तर दर दीडपट. कठोर वाटेल, पण एरवी पगार कुठून देणार.

गोदामाय

हा प्रतिसाद प्रिंट काढून कपाटाला लावतेय. आगाऊ पैशांचं मला सुचलंच नव्हतं.

कट्ट्यावरचा_नाना

गणित बरोबर आहे, एक नाशिकचा कंगोरा राहिला. तुमच्या मावश्या येणार पेठ, सुरगाणा, हरसूल, दिंडोरी भागातून किंवा तिथून शहरात राहायला आलेल्या घरांतून. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, फेब्रुवारी-मार्चला काढणी. बागेत उक्त्या कामाला रोजाला जे सुटतं ते तुमच्या पगारापेक्षा जास्त असतं आणि अख्खी टोळी जाते, नवरा-भावजय सगळे. दिवाळीला आणि भात काढायला गावी जाणं वेगळंच. दोन बदली बायका या काळात पुरायच्या नाहीत. शहरातल्या, मुलं मोठी झालेल्या, चाळिशीच्या बायका बघा. सिडकोत, सातपूरला कारखान्यातलं काम सुटलेल्या पुष्कळ आहेत. त्यांना द्राक्षाची ओढ नाही आणि सिटीलिंकची बस दारात आहे.

फावल्यावेळचा_डॉक्टर

उशिरा आलो, रुमाल टाकून ठेवला होता.

आधी हे ठरवा की काय घ्यायचं नाही. चार तासांच्या सेवेत इंजेक्शन, सलाइन, नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग नको. ते नोंदणीकृत नर्सचं काम, म्हणजे गोदामाय, तुमचं स्वतःचं, आणि तेही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर. तुमच्या मावशीनं गोळ्या डब्यातून काढून हातात द्याव्यात, आणि डबा घरच्यांनी भरलेला असावा, वार आणि वेळ लिहिलेला. इन्सुलिन घरच्यांनी देऊन बाहेर पडावं, किंवा पाळीच अशी निवडावी की मध्ये डोस येणार नाही. नळीनं भरवायचं असेल तर पाठ ३० ते ४५ अंशांत उंच, आणि भरवून झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. ज्या मावशीला हे तुम्ही स्वतः दहादा करून घेतलं असेल तिलाच अशा घरी पाठवा.

दुसरं. पहिल्या भेटीत पेशंटची फाइल बघता तशी सांभाळणाऱ्याचीही बघा. झारिट नावाची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे ते मोजायला जगभर वापरतात. पूर्ण भरून घ्यायची गरज नाही, पण त्यातले झोप, चिडचिड, स्वतःसाठी वेळ, पैशाची काळजी एवढे विषय चहा पिता पिता विचारले तरी कुठल्या घराला आठवड्यातून एकदा पुरेल आणि कुठल्या घराला तीनदा लागेल ते कळतं.

गरज आहे का, हा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. ही जवळजवळ सगळी घरात आहेत. सांजवेळताई, वाटाण्यांची युक्ती मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना सांगणार आहे.

आणि १०८ चा नंबर, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते, आणि घरच्यांनी "नळ्या-व्हेंटिलेटर नको" असं काही ठरवलं असेल तर तेही, हे सगळं एका कागदावर, दाराच्या आतल्या बाजूला.

ऱ्हाइनकाठचा_गणप्या

मानहाइमला असतो, तेव्हा इथली गोष्ट सांगतो. जर्मनीत १९९५ पासून काळजीचा वेगळा विमा आहे, पगारातून कापला जातो. घरी आजारी माणसाला सांभाळणारा सुट्टीवर गेला, आजारी पडला किंवा त्याला नुसतं दोन तास पोहायला जायचं असलं, तरी बदली माणसाचा खर्च त्या विम्यातून मिळतो. जुलै २०२५ पासून बदली काळजी आणि अल्पकाळ केंद्रात ठेवणं या दोन्हींसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरो, काळजीची गरज मोजून श्रेणी ठरते, त्यातल्या दुसऱ्या श्रेणीपासून पुढच्या रुग्णांना. माझ्या शेजारची बाई नवऱ्यासाठी दर गुरुवारी तासाच्या हिशेबानं वापरते. तिला कुणी "आपण असताना बाहेरची कशाला" म्हणत नाही, पैसे विम्याचे असल्यावर तोंडं आपोआप बंद होतात.

आपल्याकडे ते नाही. पण पैसे देणारा कुठं आहे ते सांगू का? तो घरात नाही. माझे वडील नाशिकरोडला, नोट प्रेसमधून निवृत्त, पक्षाघातानंतर अंथरुणावर. भाऊ आणि वहिनी बघतात. मी पैसे पाठवतो ते औषधांना आणि डायपरला जातात, वहिनी स्वतःसाठी त्यातला रुपया खर्च करणार नाही आणि मी "वहिनी, हे तुमच्यासाठी" म्हणून दिले तर भावाला लागेल. पण "दर बुधवारी नर्सबाईंची टीम येऊन बाबांना बघेल, मी वर्षाचे भरलेत" असं असेल तर कुणाचाच मान दुखावणार नाही. तुमची पावती माझ्या नावे निघू द्या. पुण्यात, बेंगळुरूत, बाहेर बसलेले माझ्यासारखे नाशिककर किती आहेत मोजा.

सांजवेळ

गणप्यादादा, तुमच्या वहिनींना हा प्रतिसाद दाखवा.

लेखनिक_सीए

परवान्यांचं थोडक्यात. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं, वीसपासून पुढं नोंदणी (२०२५ च्या बदलाआधी हा आकडा दहा होता). उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, कुणा एजंटाला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. हॉस्पिटलच्या उपचारांना जी करमाफी आहे ती नुसत्या सोबतीला आपोआप लागू होईल असं धरून मात्र चालू नका, आकडा जवळ आला की सल्ला घ्या.

रात्री मुक्कामाला आजारी माणसं ठेवलीत, खाटा टाकल्यात, की शुश्रूषागृह नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. महानगरपालिकेचा, अग्निशमनाचा वगैरे. म्हणून पहिल्या वर्षी मुक्काम टाळा.

सगळ्यात महत्त्वाचं: मावश्यांची पोलीस पडताळणी तुम्ही करणारच, पण उलट बाजूही बघा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात काम करायचं ठिकाण म्हणून राहतं घरसुद्धा येतं. दहा कर्मचारी झाले की अंतर्गत समिती, त्याआधी जिल्ह्याची स्थानिक समिती. पेशंटच्या मुलानं दारू पिऊन त्रास दिला तर मावशीनं कुणाला फोन करायचा आणि ती पाळी सोडून निघाली तर तिचा पगार कापणार नाही, हे करारात लिहा. गिऱ्हाइकाच्या सहीसह.

विशेष_आई

हे शेवटचं कुणी लिहीत नाही. लेखनिकदादा, धन्यवाद.

पेठेतला_पंडित

केंद्राबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पुण्यात माझ्या मावसभावानं दिवसाचं केंद्र चालवलं, दोन वर्षांत गुंडाळलं. जागा उत्तम, कार्यक्रम उत्तम, भजनं, कॅरम, व्यायाम. पण ज्यांना ते जमायचं ते आजी-आजोबा तसे हिंडतेफिरते होते, त्यांना बागेतला ज्येष्ठ नागरिक कट्टा फुकट होता. ज्यांच्या घरच्यांना खरी गरज होती ते तिसऱ्या मजल्यावर, बिनालिफ्टच्या इमारतीत. त्यांना उतरवायला दोन माणसं, गाडीत बसवायला अर्धा तास, आणि हे दिवसातून दोनदा. सून म्हणायची, त्यापेक्षा घरी बरे. गाडी आणि ड्रायव्हर यांचा खर्च भाड्यापेक्षा जास्त झाला.

अवांतर: कॅन्सरच्या पेशंटची घरं तुमच्याकडे आली तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह (दुखणं सुसह्य करणाऱ्या उपचारांचं) केंद्र १९९७ पासून आहे, विनामूल्य. घरच्यांना सोबत ठेवून काळजी घ्यायला शिकवतात. मावश्यांना पाठवण्याआधी तुम्ही दोघी एकदा बघून या.

गोदामाय

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून, मैत्रिणीशी भांडून, ठरलं ते लिहिते.

रो-हाउस नको. घरपोचच. दिवाळीनंतर चार मावश्या आणि एक मामा (विशेष_आई, तुमच्यासाठी, आणि तुम्हीच त्याला शिकवायचं, त्याचे पैसे आम्ही तुम्हाला देऊ, फुकट करून घेणार नाही). एक बदलीची बाई पहिल्या दिवसापासून पगारावर, तिनं प्रत्येक घर आधी पाहिलेलं असेल. दर ७५०, महिन्याचा वार ठरलेला, पैसे आगाऊ. पहिल्या दोन पाळ्यांना घरचं माणूस घरातच, त्याचे निम्मे पैसे. सांजवेळताई, पूर्ण माफ करायचं मनात होतं, पण गुंठा_आणि_गणित यांनी व्यनित (खाजगी निरोपात) डोळे वटारले.

प्रत्येक घराची एक वही. त्यात औषधं आणि फोन नंबर असतीलच, पण पहिलं पान "काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही" याचं. आजारी माणूस कुणाला काय हाक मारतो, कशानं चिडतो, कशानं थांबतो. ते पान घरच्या बाईनं तिच्या शब्दांत लिहायचं, आम्ही फॉर्म देणार नाही. वही घरातच राहील. उद्या आम्ही बंद पडलो किंवा तुम्ही ब्युरोची मावशी लावली तरी तिला कामाला येईल.

पावती कुणाच्याही नावे निघेल. मानहाइमला पहिली निघू दे.

कट्ट्यावरचा_नाना

पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा) ताई. पहिल्या महिन्याचा हिशेब इथंच टाका, खरा.

ओझर_टाउनशिप

एचएएलच्या (विमान कारखान्याच्या) निवृत्तांची अर्धी वस्ती इकडं आहे, मुलं सगळी बाहेर. ओझरला येणार का?

गोदामाय

सध्या नाही दादा. नाशकातून मावशी पाठवली तर जायचा-यायचा वेळ आणि भाडं मिळून दुसरी पाळीच बुडते. ओझरमधल्याच दोन बायका मिळाल्या तर लगेच करू. बालवाडीत किंवा दवाखान्यात आया म्हणून काम केलेली, मराठी वाचता-लिहिता येणारी, घरून दुपारी मोकळी असलेली कुणी माहितीत आहे का? व्यनि करा, रविवारी मी तिकडं येऊन भेटते.